शैलाबाईंनी फिरवलेला स्क्रू

शैलाबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणत. साफ खोटं. कारण लागत असे, पण हिंगोलीत ते दर दहा पावलांवर मिळत असे, त्याला त्या तरी काय करणार? भर रस्त्यात जीप आडवी लावून तंबाखू मळणारा ड्रायव्हर दिसला की त्या थांबायच्या. स्कूटीवरून जाणाऱ्या पोरीच्या मागे उगाच हॉर्न वाजवणारा दिसला की थांबायच्या. थांबायच्या म्हणजे गाडी नीट कडेला घ्यायच्या, हँडब्रेक ओढायच्या, खाली उतरायच्या आणि मग त्या माणसाचं जे काही करायचं ते करायच्या. तोवर गाडीत बसलेल्या शिकाऊ बाईने अंग चोरून घ्यायचं. मी कितीदा तरी घेतलंय.

बायकांना गाडी शिकवणं हा त्यांचा धंदा. फक्त बायकांना. घराच्या भिंतीवर पिवळ्या रंगात तसं लिहून घेतलं होतं, आणि त्याखाली कुणी तरी कोळशाने ‘रस्त्याने जपून चालावे’ असं लिहून गेलं होतं. ते त्यांनी कधी पुसलं नाही. म्हणायच्या, सल्ला चांगला हाय, राहू दे. मी त्यांच्या शेजारी राहायची, कचेरीत नोकरीला होते, आणि त्यांच्याकडे गाडी शिकलेल्यांपैकी सगळ्यात ढ विद्यार्थिनी होते. लायसन्स मिळालं, पण आजही मी स्कूटीच्या वर गेलेली नाही. याबद्दल त्यांनी मला माफ केलं होतं की नाही, कोण जाणे.

गाडी एकच होती. पांढरी, छोटी, जुन्या धाटणीची, कार्बुरेटरवाली. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच. पहिल्या दिवशी त्या ती चालवूच द्यायच्या नाहीत. गाडी दारात उभी, इंजिन चालू, आणि आपण स्टेअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून नुसतं बसायचं. उभ्या गाडीचं इंजिन आपल्या आपण जे संथ गुरगुरत असतं, ज्याला मिस्त्री लोक आयडलिंग म्हणतात, ते ऐकायचं. कानाने नाही, हातांनी आणि पाठीने. मग त्या बोनेटवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवायच्या आणि पाणी किती कमी हलतं ते दाखवायच्या.

“पळती गाडी कायबी झाकती,” त्या म्हणायच्या. “उभी गाडी खोटं बोलत न्हाई. आधी उभ्या गाडीला वळखा.”

एका पोरीच्या वडिलांनी तक्रार केली की बाई नुसत्या बसवून पेट्रोल जाळून राहिल्या. शैलाबाईंनी त्यांना विचारलं, पोराला पोहायला शिकवताना आधी पाणी दाखवता का थेट विहिरीत ढकलता? त्या गृहस्थांनी आपली तिन्ही पोरं ढकलूनच शिकवली होती, पण ते सांगायची त्यांची छाती झाली नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा राग मात्र बाप्यांवर नव्हता. तो आमच्यावर होता. क्लच सोडताना गाडी बंद पडली की आमच्यातली प्रत्येक जण तोंडातून पहिला शब्द काढायची, “चुकलं बाई.” आणि शैलाबाई भडकायच्या.

“बंद पडली गाडी, आन् चुकलीस तू? काहून? आधी गाडीला इचार, मंग सोताला. बायांना येकच सवय लागली हाय. दूध नासलं, आपलं चुकलं. पोरगं नापास, आपलं चुकलं. पाऊस लांबला तर तेबी तुमच्यामुळंच का?”

त्यानंतर त्या खरंच गाडीला विचारायच्या. पेट्रोल आहे का, चोक ओढलेला आहे का, गिअर कुठला आहे, हे सगळं तपासून मगच शेवटी म्हणायच्या, “व्हय, चुकलं तुझंच. पर आता आपल्याला ठाऊक तरी झालं.”

एकदा एक नवरा बायकोच्या शिकवणीत मागच्या सीटवर येऊन बसला. देखरेखीला. तो दर वळणावर मागून सूचना करायचा. पहिल्या दिवशी बाईंनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशीही घेतलं, आणि आम्हाला काळजी वाटायला लागली, कारण हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी वाशीमच्या रस्त्याने लांबवर नेली. कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यासमोर थांबवून त्यांनी त्या माणसाला अगदी अदबीने सांगितलं, साहेब, जरा तीन चहा सांगून येता का? तो उतरला. बाईंनी त्याच्या बायकोला सांगितलं, पहिला गिअर टाक. बायकोने आधी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि पहिला टाकला. पुढे गाडी पार लांब जाऊन परत आली, तेव्हा तो तिन्ही चहा पिऊन बसला होता. त्या बाईने त्या दिवशी एकदाही गाडी बंद पाडली नाही, आणि नवरा परत कधी आला नाही.

आता वंदनाबद्दल सांगते. हे तिचं खरं नाव नाही, आणि गाव नरसीच्या पलीकडचं एक, एवढंच सांगते. बाईंचं नाव मात्र मी बदललेलं नाही, कारण ज्यांनी ते नको तसं तोंडी घोळवलं त्यांनी ते नीट वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

वंदना शेतकऱ्याघरची. तिच्या हाताला गाडीची ओढ होती. काही जणींच्या हाताला स्वयंपाकाची चव असते, तशी. सासरी ट्रॅक्टर होता, पण त्याच्या सीटवर तिला कुणी बसू दिलं नव्हतं. गावाहून जीपने यायची, शिकायची, परत जाऊन शेतातलं काम करायची. त्या सुमाराला हिंगोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंना गाडी चालवायला बाईच हवी होती. त्यांना गावोगावी तपासणीच्या शिबिरांना जावं लागे, आणि अंधार पडल्यावर परक्या ड्रायव्हरबरोबर फिरण्याचा त्यांना एकदा वाईट अनुभव आला होता. शैलाबाईंनी वंदनाचं नाव सुचवलं. डॉक्टरीणबाईंनी वंदनाला भेटून होकार दिला, फक्त महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखव म्हणाल्या, नाही तर त्यांच्या ओळखीतला एक माणूस तयारच होता. वंदनाच्या दिराने घरी जाहीर केलं की पास झाली तर जाऊ दे, नापास झाली तर हा तमाशा बंद. म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर येऊन ठेपलं.

याच दिवसांत आमच्या गल्लीत संक्रांतीची हळदीकुंकवं चालू होती. वाण म्हणून कुठे वाटी, कुठे कंगवा, कुठे साबण ठेवायची डबी. गल्लीच्या टोकाला एका स्पेअर पार्टवाल्याचं घर होतं. त्याच्या बायकोने त्या वर्षी वाण म्हणून लहान लहान बाटल्या वाटल्या. वर लाल मोटारीचं चित्र. पेट्रोलच्या टाकीत घालायचं औषध, इंजिन आतून साफ होतं, ॲव्हरेज वाढतं. दुकानात न खपलेला माल घरी आलेल्या सवाष्णींच्या ओटीत घालायचा आणि वर तोंडभर हसायचं, ही अक्कल काय वर्णावी? तिळगूळ खात बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या घरी सायकलही नव्हती. एकीला ते फरशी पुसायचं वाटलं. दुसरीने वास घेऊन बघितला आणि शिंकत राहिली.

वंदना त्या दिवशी आपल्या मावशीकडे मुक्कामाला होती, म्हणून तीही आली होती. ती प्रत्येकीला म्हणाली, तुमच्याकडं गाडी न्हाई, तुमी काय करता याचं, द्या मला. बायकांनी आनंदाने दिल्या. मला वाटलं, नवऱ्याच्या मोटरसायकलला नेत असेल. माझी बाटली मी ठेवून घेतली. वाणातल्या वस्तूंचा मला एकंदरीत अनुभव बरा नसल्याने ती मी स्कूटीत मात्र घातली नाही.

परीक्षेच्या दिवशी रजा टाकून मी बरोबर गेले होते. मैदानात दुसऱ्या एका ड्रायव्हिंग स्कूलची पोरं आणि त्यांचा मालक असा घोळका उभा. वंदनाचा नंबर आला. ती बसली, आरसा नीट केला, गाडी चालू केली, आणि क्लच सोडायच्या आधीच गाडी थरथरून बंद पडली. पुन्हा चालू केली. थोडी पुढे गेली, वळणावर वेग कमी केला तशी पुन्हा बंद. चढावर थांबवून पुन्हा निघायचं होतं, तिथे तर गाडी थांबली ती थांबलीच. परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी नियमाप्रमाणे नापास लिहिलं. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. पण तो मालक मोठ्याने म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडं,” आणि घोळका हसला.

शैलाबाई त्याच्याकडे निघाल्याच होत्या. पण वंदना गाडीतून उतरली आणि म्हणाली, “चुकलं बाई. माझ्याच्यानं व्हत न्हाई.” तेव्हा बाई जागच्या जागी थांबल्या. मी त्यांना इतक्या रागात कधी पाहिलं नव्हतं.

वंदनाला जीपमध्ये बसवून दिल्यावर आम्ही दोघींनी गाडी कशीबशी घरी आणली. बाईंनी इंजिन बंद केलं नाही. आतून पेला आणला, पाणी भरून बोनेटवर ठेवला. पाणी नुसतं हिंदकळत नव्हतं, काठावरून सांडत होतं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिन सुरळीत. सोडला, की पुन्हा धडधड, मध्येच एखादा ठोका चुकवल्यासारखी. मग त्यांनी चोक थोडासा ओढला. चोक ओढला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चोक ओढताच इंजिन निवळलं. आत ढकलला की पुन्हा थरथर.

“हिला उभ्यानं पेट्रोल कमी पडून राहिलंय,” त्या म्हणाल्या. “पोरीचा पाय बराबर व्हता. मी बघत व्हते.”

मग त्यांचा राग, जो मैदानातून तसाच भरून आणला होता, पंपाकडे वळला. पेट्रोलमध्ये भेसळ, दुसरं काय? त्यांनी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, ते गढूळ होतं, आणि ती बाटली हातात उंच धरून आम्ही पंपावर गेलो. तिथे त्यांनी मॅनेजरची जी काही हजेरी घेतली ती रांगेतल्या सगळ्या मोटरसायकलवाल्यांनी गाड्या बंद करून ऐकली. मॅनेजर बिचारा तरुण होता. त्याने वाद घातला नाही. सगळ्यांसमोर नळीतून पेट्रोल काढलं, फिल्टर पेपरवर थेंब टाकला, तो वाळला आणि कागद कोरा राहिला. घनतामापक बुडवून घनताही दाखवली. पेट्रोल स्वच्छ होतं.

शैलाबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग ज्या आवाजात त्या भांडल्या होत्या त्याच आवाजात, त्याच रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तुमचं बराबर हाय. माझं चुकलं. मी तुमाला उगाच बोलले.” आणि दोन्ही हात जोडले. खरं असलेलं कबूल करायला त्या कधी कचरल्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदाच पाहिलं.

पंपावरून गाडी थेट गफूरमिस्त्रीकडे. गफूरमिस्त्रीचं म्हणणं, प्लग गेले. बाईंचं म्हणणं, प्लग गेले असते तर पळतानाही मिसिंग आली असती, म्हणजे असेच ठोके चुकले असते. दोघांचं बराच वेळ जुंपलं. शेवटी प्लग बदलून झाले, फरक शून्य. मग त्याने बाटलीत ताजं पेट्रोल घेऊन ती वर टांगली आणि नळीने थेट कार्बुरेटरला जोडली. तरी थरथर तशीच. म्हणजे घाण टाकीतून निघून केव्हाच आत जाऊन बसली होती. कार्बुरेटर खोलला तेव्हा उभ्या इंजिनाला पेट्रोल देणारं जे सुईएवढं भोक असतं, ते तपकिरी, चिकट गाळाने बुजलेलं निघालं. हवा मारून ते साफ केलं, टांगलेल्या बाटलीवर इंजिन चालू केलं, आणि गाडी पुन्हा आमची गाडी झाली.

“बाई, टंकी में क्या डाला?” गफूरमिस्त्रीने विचारलं.

बाईंचा चेहरा लाल झाला. पंचवीस वर्षांत त्यांनी टाकीत पेट्रोलशिवाय काही घातलं नव्हतं. तो म्हणाला, जुन्या टाकीच्या तळाला वर्षानुवर्षांचा गाळ घट्ट बसलेला असतो, तो कुणाला त्रास देत नाही. कुणी तरी साफ करायचं औषध ओतलं, तेही दणकून, आणि टाकीत पेट्रोल थोडं, म्हणून सगळा गाळ एकदम सुटला. भरल्या टाकीत एक बाटली घातली असती तर काही झालं नसतं.

टाकी काढायला गाडी उचलायची, म्हणून त्याने जॅक काढायला डिकी उघडली. स्टेपनीच्या मागे एक कापडी पिशवी खोचलेली होती. त्यात रिकाम्या बाटल्या. लाल मोटारीचं चित्र. आणि प्रत्येक झाकणावर हळदीकुंकवाचं बोट.

मी त्या ओळखल्या. मला आठवलं की परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वंदनाने हट्टाने गाडी धुतली होती, आणि बाई तिच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या होत्या. मी तिचं नाव घेतलं.

“गप,” शैलाबाई म्हणाल्या.

गफूरमिस्त्रीच्या दुकानासमोर लिंबाखाली बाकडं होतं. त्यावर त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. हळदीकुंकवात वंदनाने बाटल्या कशा मागून नेल्या ते मी सांगितलं आणि म्हणाले, आधी त्या स्पेअर पार्टवालीच्या दारात जाऊ, मग वंदनाला सांगू, एवढी शिकलेली पोर, बाटलीवर लिहिलेलं वाचता येत नाही? त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या:

“तिनं इष म्हणून ओतलं का? गुरूच्या गाडीला चांगलं व्हावं म्हणून गल्लीभर मागून आणलं, आन् मला कळू नये म्हणून लपवलं. मायेनं केलं. आता तिला सांगू, का तुझ्याच हातानं तू नापास झालीस? सुनंदा, ती पुन्यांदा स्टेअरिंगला हात लावायची न्हाई. आधीच म्हणून राहिली, माझ्याच्यानं व्हत न्हाई. हे कळलं तर जल्मभर म्हणंल.”

मी म्हणाले, मग तिला काय सांगणार? गाडी कशामुळे बंद पडली?

“ते माझं मी बघते,” त्या म्हणाल्या, आणि ही गोष्ट माझ्या तोंडून वंदनापर्यंत जाणार नाही असं वचन घेतलं. स्पेअर पार्टवालीला बोलायलाही बंदी, कारण तिच्याकडून ते संध्याकाळपर्यंत नरसीला पोचलं असतं. गफूरमिस्त्रीने पिशवी कचऱ्यात टाकली.

आठवड्याने पुन्हा परीक्षा. वंदनाला आणायला बाई स्वतः तिच्या गावी गेल्या होत्या. दिराशी काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण वंदना आली. पांढरी पडली होती. मैदानात तोच घोळका, तोच मालक. साहेब टेबलाशी बसले होते. शैलाबाई मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या आणि पंपावर काढला होता तो आवाज काढला.

“साहेब, मागल्या टायमाला गाडी बंद पडली ती माझ्यामुळं. आदल्या सांजेला मी कार्बुरेटरचा स्क्रू फिरवला. मला वाटलं मला कळतंय. चुकीचा फिरवला. या लेकराचा त्यात काईच दोष न्हाई. आज मी कशाला हात लावला न्हाई, मिस्त्रीनं बराबर करून दिलं हाय.”

वंदनाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रक्त परत आलं. आणि त्या मालकाने संधी साधली.

“बाईमाणसानं पिठलं हलवावं,” तो म्हणाला, “स्क्रू कशाला हलवावा?”

या वेळी नुसता घोळका नाही, आख्खं मैदान हसलं. मी शैलाबाईंकडे पाहिलं. जीप आडवी लावणाऱ्याला ज्यांनी रस्त्यात उतरून सोललं होतं, त्या या बाई. आज त्या काही बोलल्या नाहीत. कारण बोलल्या असत्या तर विषय वाढला असता, कुणी तरी विचारलं असतं कुठला स्क्रू, किती फिरवला. त्यांनी वंदनाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, जा, बस.

वंदना पास झाली. एकदाही गाडी बंद न पाडता. डॉक्टरीणबाईंकडे महिना संपायच्या आत रुजू झाली.

आणि पिठल्याचा तो विनोद गावात मोकाट सुटला. चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या आवारात हळदीच्या ढिगाशेजारी, आमच्या कचेरीत. स्क्रू हलवणारी बाई. माझ्यासमोर माझ्या साहेबांनी तो मला सांगितला, आणि मी हसले नाही म्हणून मला विनोद कळत नाही असं ठरवलं. पोरींचे बाप म्हणायला लागले, जिला स्वतःला स्क्रू कळत नाही ती काय शिकवणार? शिकायला येणाऱ्या कमी झाल्या. ज्या बाईने उभ्या गाडीच्या थरथरीवरून रोग सांगितला, मिस्त्रीशी वाद घालून तो पटवला, तिला या गावाने कशात काढलं? आणि मला खरं माहीत असून तोंडाला कुलूप. वचन देताना मला एवढं महाग पडेल असं वाटलं नव्हतं. कितीदा तरी मी त्यांना म्हणाले, आता तर वंदनाचं सगळं बस्तान बसलंय, आता तरी सांगू द्या. त्या म्हणायच्या, कुणाला सांगती? ज्यांनी इनोद केला त्यांना? त्यांना खरं कशाला पाहिजे?

मी म्हणायची, मला पाहिजे. त्यावर त्या मला चहा द्यायच्या.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी शाळा बंद केली. गाडी गेली. लेक नांदेडला राहते, तिने तिकडे बोलावलं. जायच्या आधी त्यांना नरसीला देवळात जाऊन यायचं होतं, म्हणून मीही गेले. तिथेच त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं शिबिर होतं, आणि वंदना भेटली. डॉक्टरीणबाईंना उशीर लागणार होता, एका नव्या नर्सला हिंगोलीला सोडायचं होतं, तर म्हणाली, बाई, चला, मी सोडते तुमाला. नवी गाडी, मोठी. नर्स पुढे बसली, आम्ही दोघी मागे.

वंदना भरात होती. नर्सला सांगत होती की मागं बसल्या त्या माझ्या गुरू. आणि मग सांगायला लागली, पहिल्या परीक्षेत कशी नापास झाले, तर यांनीच आदल्या दिवशी स्क्रू फिरवून ठेवला होता. पिठल्याचा विनोदही तिने सांगितला. मायेनेच, बाईंना चिडवायला. नर्स हसली. मग वंदना आरशातून मागे बघत म्हणाली, “बाई, येक तुमाला कधी सांगितलं न्हाई. त्या दिशी मी तुमच्या गाडीला औषध पाजलं व्हतं, वाणातलं. समद्या बायांकडून मागून आणलेलं. तुमी स्क्रू फिरवला नसता ना, तर गाडी कशी फुलावानी चालली असती.”

मी तोंड उघडलं. शैलाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि असा दाबला की मला कळ आली.

“असं का,” त्या म्हणाल्या. “मंगच. मी म्हणत व्हते, नंतर ती गाडी येवढी गोड कशी चालून राहिली. मला येडीला काय ठाऊक.”

वंदना खूश झाली. पुढचं सांगत राहिली. मी खिडकीबाहेरही पाहू शकत नव्हते, मी बाईंच्या चेहऱ्याकडेच बघत होते. तिथे मला काही तरी सापडेल असं वाटत होतं, थोडा तरी राग. काही नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही उतरलो. वंदना उतरून त्यांच्या पाया पडली आणि गाडी घेऊन गेली. मग माझा बांध फुटला. मी म्हणाले, बाई, हे फार झालं. सगळ्या गावाने हसावं ते हसावं, आता हिनेही? आणि तुम्ही वर तिलाच श्रेय देता?

शैलाबाईंनी पदर खोचला. गुडघा धरून जरा उभ्या राहिल्या.

“मधी उसाची ट्रॉली आली, पाहिलीस का?” त्यांनी विचारलं. “पार अंगावर आली व्हती. येका बाजूला खड्डा. तिनं डावं चाक खाली घेतलं, ट्रॉली जाऊ दिली, परत वर घेतलं. बोलणं सुदिक थांबलं न्हाई तिचं.”

मी म्हणाले, नाही, मी पाहिली नाही.

“तू कशी पाहशील,” त्या म्हणाल्या. “तू माझ्याकडंच बघत व्हतीस.”

आणि भिंतीला हात लावत लावत त्या घराकडे निघाल्या. दोन दिवसांनी त्यांची लेक येऊन त्यांना घेऊन गेली, तेव्हा मी कचेरीत होते.